छबुमावशीची साक्ष

छबुमावशी मोहनरावांच्या पांढऱ्या गाडीतून उतरली तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होते. आधी वाटलं, दुसरीच कुणी बाई असेल. अंगावर कोरी हिरवी साडी, घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या. मग तिनं दाराला धरून आधी डावा पाय टेकवला, उजवा ओढून घेतला. तसा पाय टाकणारी आमच्या गावात ती एकटीच.

"फुटली म्हातारी," माझे मालक अजिनाथ शेजारून म्हणाले.

"असं कसं म्हणता?"

"त्यांच्या गाडीत आली. नवं लुगडं नेसून आली. आजून काय पायजे?"

पुढच्या सीटवरून मोहनराव उतरले. आम्हाला पाहून त्यांनी हात जोडले. निवडणुकीत दारावर येऊन जोडतात तसेच. कोर्टात आत बसलेला आरोपी त्यांचा धाकटा भाऊ होता, आप्पाराव. मी फिर्यादी होते. तरी हात जोडले त्यांनी.

सरकारी वकील बाई फाइल घेऊन आल्या. "वनमालाताई, आज आधी तुमची साक्ष. जेवणानंतर छबुबाई. त्या दिवशी तुम्हाला पाहणारं दुसरं कोणी नाही आपल्याकडं. पंच, डॉक्टर, पोलीस, सगळे नंतरचे." त्यांनीही त्या गाडीकडं पाहिलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मी शिवणकाम करते. आमचं गाव सिरसाळ्यापासून आठ किलोमीटरवर आहे. लग्न होऊन आले त्या वर्षापासून घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. गावातल्या दीडशेच्या वर बायकांची मापं माझ्या वहीत होती. कुणाचा एक खांदा उतरता आहे, कुणाला पाठीवरचा डाग झाकायला गळा वर लागतो, कोण पोटुशी आहे पण घरात अजून सांगितलेलं नाही, हे मला माहीत असायचं. बायका माझ्यासमोर पदर सोडून उभ्या राहायच्या आणि गप्पा मारायच्या. तेच माझं गाव होतं.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात मोहनरावांच्या घरी लग्न होतं. आप्पारावांच्या बायकोचे, रोहिणीबाईंचे, तीन ब्लाऊज माझ्याकडं होते. दुपारी बारा-साडेबाराला आप्पारावांचा फोन आला.

"वनमाला, ब्लाऊज झाले का? रोहिणी आखाड्यावर हाय. पाहुण्याच्या बाया आल्यात, तिकडंच आणून दे."

आखाडा म्हणजे त्यांचं रानातलं घर. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा सोपा, बाजूला विहीर. मी पिशवी घेऊन पायी गेले. वीस मिनिटांची वाट. सोप्यात कुणी नव्हतं. मी "रोहिणीबाई" अशी हाक मारली. आतून आप्पाराव म्हणाले, "आत ये, माप बघायचं म्हणती." मी आत गेले. दार लागलं.

त्यापुढचं मी चार वेळा सांगितलं आहे. ठाण्यात, दवाखान्यात, मॅजिस्ट्रेटसमोर आणि त्या दिवशी कोर्टात. इथं पाचव्यांदा सांगत नाही. एवढंच सांगते, की मी ओरडले, आणि विहिरीवरची मोटार चालू होती.

बाहेर पडले तेव्हा छबुमावशी बांधावर घास कापत होती. तिनं मला येताना पाहिलं आणि विळा टाकला. रानात काम करताना बायका साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घालतात, तसा तिनं घातला होता. तो काढून तिनं माझ्या अंगात घातला. बटणं मला लावता येत नव्हती, बोटं वळत नव्हती. तिनं खालपासून वरपर्यंत लावली. एक शब्द विचारला नाही.

घरी सासूबाई होत्या, चंद्रभागाबाई. छबुमावशी त्यांना म्हणाली, "आप्पारावनं हिचा घात केला."

सासूबाई उठल्या, चुलीकडं गेल्या. "पाणी तापवते. न्हाऊ घाल तिला. अन् हळू बोल, शेजारी ऐकतेत."

"पाणी न्हाई," छबुमावशी म्हणाली. "माझ्या भाचीला न्हाऊ घातलं तवा. समदं धुऊन गेलं, डागदर म्हनला काईच न्हाई. हिला तशीच नेते."

अजिनाथ तेव्हा कर्नाटकातल्या एका साखर कारखान्यावर ट्रॅक्टर घेऊन गेलेले. संध्याकाळच्या काळीपिवळी जीपमध्ये आम्ही दोघीच बसलो आणि ठाणं गाठलं. गाडीत आमच्या गावची सहा माणसं होती. एकानं फक्त त्या शर्टाकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अजिनाथ आले. चपला न काढता उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "तू गेलीच कावून?"

त्यांनी मारलं नाही, टाकलं नाही. लोक म्हणतात, नशीबवान आहेस. पण ते वाक्य त्या घरात राहिलं. भाकरी थापताना, मशीनवर बसल्यावर, आंघोळीच्या वेळी. तू गेलीच कावून.

गावानं तोंडावर काही म्हटलं नाही. आठ दिवसांत बायका न बेतलेली कापडं परत न्यायला लागल्या. "न्हाई गं, घाई न्हाई आता." "आमच्या ह्यांनी सांगितलंय, परळीलाच टाकू म्हणून." मी घड्या घालून देत राहिले. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. स्वप्नाली, आमची मुलगी, तेव्हा सातवीत होती. एक दिवस शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, माझ्या बाकड्यावर कुणी बसंना." मी तिला माझ्या बहिणीकडं आष्टीला ठेवलं. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

मोहनराव दोनदा घरी आले. पहिल्यांदा म्हणाले, "घरातली गोष्ट हाय, घरात मिटवू." दुसऱ्यांदा त्यांनी अजिनाथना आपल्या संस्थेच्या शाळेत ड्रायव्हरची कायमची नोकरी देऊ केली. स्वप्नालीच्या शिक्षणाचंही बोलले. अजिनाथ म्हणाले, "इचारून सांगतो." ते गेल्यावर मला विचारलं. मी नाही म्हटलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन लावून म्हणाले, "न्हाई जमायचं, मालक." तेवढंच. मग गोठ्यात जाऊन बसले.

छबुमावशीकडं मात्र नोकरी नाकारण्याइतकंही काही नव्हतं. तिची खोली मोहनरावांच्या जागेत. तिचा मुलगा राम त्यांच्याच ट्रॅक्टरवर. ती स्वतः चाळीस वर्षं त्यांच्याच रानात. ती हिरवी साडी मला कळत होती. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते मला सांगता येणार नाही.

कोर्टाचं दार बंद केलं. आत आम्ही मोजकीच माणसं. आप्पाराव पडद्याच्या पलीकडं बसले होते. मला दिसत नव्हते, पण त्यांच्या अत्तराचा वास येत होता. सरकारी वकील बाईंनी विचारलं, मी सांगितलं. मधे एकदा पाणी मागितलं. मग आरोपीचे वकील उठले. आवाज फार मऊ.

"तुम्हाला आखाड्यावर कोणी जबरदस्तीनं नेलं?"

"न्हाई. पायी गेले."

"ओरडलात म्हणता. कोणी ऐकलं?"

"मोटार चालू होती."

"म्हणजे कोणी ऐकलं नाही."

"न्हाई."

"घरात एकटा पुरुष आहे, हे कळल्यावर तुम्ही आत गेलातच का?"

तेच वाक्य. दोन वर्षं घरात ऐकलेलं, आता काळा कोट घालून पुढं उभं होतं. मी म्हटलं, "ब्लाऊज द्यायला गेलते. ते माझं काम हाय."

मग त्यांनी मुद्देमालाचं पाकीट फोडायला लावलं. खाकी कागदातून माझा ब्लाऊज निघाला, निळा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. वकिलांनी तो दोन बोटांत धरला.

"हा तुम्हीच शिवलेला?"

"हो."

"घरच्या मशीनवर. रोज वापरत होतात. रोजच्या वापरानं शिलाई उसवते, बरोबर?"

"उसवती."

"मग ही उसवलेली शिलाई आहे, असं म्हणायला हरकत नाही."

"ही उसवलेली न्हाई."

ते हसले. "फरक काय?"

"माझ्या हातात द्या, सांगते."

त्यांनी जज्जसाहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान हलवली. ब्लाऊज माझ्या हातात आला. मी खांद्याची बाजू उलटी करून साहेबांना दाखवली.

"उसवलं म्हंजी दोरा निघतो, कापड शाबूत ऱ्हातं. हितं बघा, दोरा जागच्या जागी हाय. टाका न् टाका हाय. शिलाईच्या कडंचं कापड फाटलंय, खांद्यापासून खाली. वरून धरून खाली वढलं की असं फाटतं. दुसऱ्या कशानं न्हाई. मी सतरा वरसं शिवते, सायब. माझी शिलाई उसवत न्हाई."

कोर्टात टाइप करण्याचा आवाज थांबला. साहेब टायपिस्टला म्हणाले, "उसवलं आणि फाटलं, दोन्ही शब्द जसेच्या तसे घ्या." मग मला म्हणाले, "बसा."

मी ब्लाऊज घडी घालून टेबलावर ठेवला आणि बसले.

जेवणाच्या सुट्टीत अजिनाथनी डबा पुढं केला. मी तो न उघडता बाजूला ठेवला. छबुमावशी समोरच्या झाडाखाली बाकावर होती, दोन बाजूंना मोहनरावांची दोन माणसं. मोहनराव स्वतः तिला चहा घेऊन आले. वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलले. ती मान हलवत होती. पुन्हा बोलले, तिनं पुन्हा हलवली. शाळेत पाढा घटवून घेतात तसं चाललं होतं.

मी नळावर हात धुवायला गेले. ती बाटली भरायला आली. एक माणूस चार पावलांवर थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पाण्याच्या धारेकडं बघत म्हणाली, "जेवलीस का?"

"न्हाई."

"जेव."

बाटली भरली आणि गेली.

अडीच वाजता तिचं नाव पुकारलं. शपथ घेताना ती शब्दाशब्दाला अडखळली. सरकारी वकील बाईंनी नाव, वय, काम विचारलं. ते सांगितलं. मग विचारलं, "त्या दिवशी दुपारी तुम्ही कुठं होतात आणि काय पाहिलं?"

ती पडद्याकडं बघत राहिली.

"छबुबाई, घाबरू नका. सांगा."

पंख्याचा आवाज येत होता. आरोपीचे वकील कागद चाळत होते, त्यांना घाई नव्हती. सरकारी वकील बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. तेवढ्यात पडद्यामागून आप्पाराव खाकरले. लहानसंच. घसा साफ करावा इतकं. पण छबुमावशीचे खांदे एकदम वर गेले. रानात तिला प्यायचं पाणी आणायला बोलावताना ते असेच खाकरायचे. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, झालं.

"सायब," छबुमावशीचा आवाज आला. "काय सांगायचं ते मला गाडीत पाठ करून घेतलंय. ते आदी सांगू, का मी पाह्यलेलं सांगू?"

कागद चाळणं थांबलं. आरोपीचे वकील उभे राहिले, काहीतरी हरकत घेऊ लागले. साहेबांनी त्यांना हातानं बसवलं. "बाई, पाहिलेलं सांगा. तेवढंच."

"मी बांधावर घास कापत होते. ही आखाड्याकडून आली. चालत न्हवती, पडत-उठत येत होती. पायात चप्पल न्हाई. ब्लाऊज फाटलेला, असा मुठीत धरलेला. व्हटातून रगत. मी काई इचारलं न्हाई. बाईला बाईनं त्यात काय इचारायचं? माझ्या आंगातला शर्ट हिला घातला."

"आणखी कोणाला पाहिलंत?"

"आप्पारावला. आखाड्याच्या दारात हुबा होता. मला बघितलं अन् आत सरला."

उलटतपासणीत वकिलांनी तिचं वय विचारलं, नजर विचारली.

"सुईत दोरा ओवता येत न्हाई मला," ती म्हणाली. "पर त्याला न्हाई वळखायची का? ल्हान होता तवा कडंवर घेऊन फिरलीया मी. त्याची माय आजारी होती, तवा माझ्याच मांडीवर निजायचा."

शेवटचं वाक्य बोलताना ती रडली. मला वाटतं, माझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी.

बाहेर आलो तेव्हा पांढरी गाडी निघून गेली होती. छबुमावशी रिकाम्या जागेकडं बघत उभी राहिली. स्टँडवर बस लागली तशी गर्दीतून पुढं जाऊन अजिनाथनी खिडकीतून आपला रुमाल टाकून तिची जागा धरली. ती बसेपर्यंत खाली थांबले. आम्ही दोघं मोटारसायकलवर येताना सिरसाळ्याच्या अलीकडं त्यांनी गाडी बाजूला घेतली, बंद केली. माझ्याकडं पाठ होती.

"मी तसं इचारायला नको होतं," ते म्हणाले.

काय विचारायला, ते मी विचारलं नाही. म्हटलं, "चला, उशीर होतोय."

चार महिन्यांनी निकाल लागला. दहा वर्षं. आप्पारावांनी वर अपील केलं आहे, ते चालेल तेव्हा चालेल. मी पेढे वाटले नाहीत. सासूबाईंनी देवापुढं दिवा लावला आणि मला म्हणाल्या, "भात टाकू का थोडा?" आमच्याकडं भात सणासुदीलाच होतो; त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ होतं. पुढं काही बायका कापड घेऊन यायला लागल्या. बहुतेक मागच्या दारानं. मी मागचं दार बंद केलं. ज्यांना यायचं त्या पुढून येतात. पाच-सहा आहेत.

छबुमावशीला साक्षीनंतर आठव्या दिवशी खोली सोडायला सांगितलं. रामला सांगितलं, आई ठेवायची तर ट्रॅक्टर सोड. रामनं ट्रॅक्टर सोडला नाही. त्याला दोन लेकरं आहेत, मी त्याला नावं ठेवत नाही. मावशीनं गायरानात चार पत्रे उभे केले. निंदायला, वेचायला तिला कुणी बोलवेना. मी एकदा भाकरी बांधून नेली. तिनं घेतली नाही.

"माझ्याकडं राहायला चल," मी म्हटलं. "पुढची खोली मोठी हाय. दोघींना पुरती."

"न्हाई."

"मावशी, माझ्यामुळं झालं हे सगळं."

"तुझ्यामुळं कावून? त्याच्यामुळं झालं." ती दगडावर बसून घमेल्यात चुलीसाठी माती कालवत होती. "अन् ऐक. खटला वर गेलाय ना? उद्या त्यो वकील इचारील, म्हातारी कुणाच्या घरात ऱ्हाती, कुणाचं खाती. तू काय सांगशील? म्हंतील, ह्याच्यापायीच बोलली. माझं बोलणं हाय तसं ऱ्हाऊ दे, पोरी."

मी भाकरीचं गाठोडं उचललं आणि परत आले.

दसऱ्यानंतर ती ऊसतोडीच्या एका टोळीत गेली. पासष्ट वर्षांच्या बाईला कोयता कोण देणार? टोळीचा स्वयंपाक करायचा आणि लेकरं सांभाळायची, एवढ्या बोलीवर. ट्रॅक्टर अजिनाथचाच होता. सकाळी सात वाजता ट्रॉली गायरानाजवळ उभी राहिली. भांडी, बाजा, शेळ्या, पोती, त्यांच्यावर माणसं. अजिनाथ खाली उतरले. तिचं गाठोडं घेऊन वर ठेवलं, पुढच्या बाजूला पोत्याची बैठक केली आणि म्हणाले, "मावशी, हितं बसा. हितं धूळ कमी लागती."

एक बाई सरकली. दुसरीनं तोंड फिरवलं. मावशी मधे बसली. मी खाली उभी होते. ती म्हणाली, "पोरीला आणून घे आता आष्टीहून."

"ती नको म्हणती."

"मग राहू दे. आपून जाऊन बघून यायचं." तिनं पदर डोक्यावर घट्ट ओढला. ट्रॅक्टर सुरू झाला.

ट्रॉली वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी थांबले. मग तिच्या पत्र्याच्या खोलीकडं गेले. दाराला कुलूप नव्हतं. तिनं कडीत तार घालून पिळून बांधली होती. मी ती सोडली. आत चूल, एक फुटकं मडकं, कोपऱ्यात खराटा. मी जमीन झाडली, चुलीतली राख भरून बाहेर टाकली. मग दार ओढून घेतलं आणि तार तिच्यासारखीच पिळून बांधली, चार पिळे.